धुरोबाची कामं

डोंगरापलीकडच्या वाड्यांना मीठ पोचवणारा मी माणूस. मिठाच्या बदल्यात तिथली माणसं नाचणी देतात, वाल देतात आणि वर कधी एखादी गोष्ट देतात. नाचणीची भाकरी होते, वालाची उसळ होते, दोन्ही पोटात जातात. गोष्ट मात्र जितकी वाटावी तितकी वाढते. म्हणून म्हणतो, ज्यांचे कान मोकळे असतील त्यांनी पुढे सरकून बसा. आज सोनकीवाडीची गोष्ट काढतोय.

सोनकीवाडी अगदी इवलीशी. डोंगराच्या कुशीत पाखरांची घरटी असावीत तशी गवती छपरांची घरं. माघ सरता सरता तिथला पळस असा फुलायचा, की रानाला कुणी केशरी झालरी लावल्यात असं वाटावं. पांगारा लालबुंद, सावर गुलाबी, आणि खाली ओढ्याचं निळंशार, लुकलुकणारं पाणी. बाहेर एवढे रंग, पण गोजरीच्या घरात एकच रंग होता. काळा.

भिंती काळ्या, आढं काळं, मडकी काळी. घराच्या मधोमध तीन दगडांची चूल आणि तिच्यात धुमसणारी ओली लाकडं. धूर आधी चुलीभोवती घुटमळायचा, मग कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसायचा, आणि कंटाळा आला की छपराच्या फटीतून हळूहळू बाहेर पडायचा. गोजरीचे टपोरे डोळे त्या धुराने सदा लाल असायचे. तिचा बाप ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेला होता. घरात ती आणि तिची आई हौसा, दोघीच. आईला ती 'आये' म्हणायची.

ही हौसा एके काळी गायची. कशी गायची म्हणून विचाराल, तर मी काही गाण्यातला जाणकार नाही. पण एवढं ऐकून आहे, की हळदीच्या दिवशी पलीकडच्या वाडीवरून तिला बोलावणं यायचं आणि ती गायला लागली की दळणाऱ्या बायका जात्याचा खुंटा हातात धरून नुसत्या बसून राहायच्या. गोजरी पाळण्यात होती तेव्हा त्या आवाजावर झोपली, त्या आवाजावर जागी झाली. मग धुराने त्या आवाजावर थर चढवायला सुरुवात केली. आधी खोकला आला, मग घोगरेपणा आला, आणि शेवटी हौसा बोलली की वाळक्या पानांवरून कुणी चालतंय असं वाटायला लागलं. गाणं तर राहूनच गेलं.

रोज संध्याकाळी अंथरुणावर पडल्या पडल्या गोजरी विचारायची, "आये, आज म्हणशील?"

हौसा तोंड उघडायची. पहिला सूर ओठांपर्यंत यायचा आणि खोकल्याची उबळ त्याला गिळून टाकायची. मग ती लेकीच्या केसांवरून हात फिरवायची. "उद्या म्हणते हं, माझी पाखरी."

त्या उद्याची वाट बघत गोजरी मोठी होत होती. घरी कुणी नसलं की ती रिकामी घागर मांडीवर घ्यायची आणि तिच्या तोंडाशी ओठ नेऊन हळूच गुणगुणायची. घागरीतून घुमून आलेला आवाज मोठा वाटायचा, भरदार वाटायचा. डोळे मिटले तर आयेचा वाटायचा. उघडले की नुसती घागर.

आता लाकडांचं सांगतो. तीन दगडांच्या चुलीची भूक मोठी. हत्ती पोसावा आणि चूल पोसावी. जवळचं रान केव्हाच तिच्या पोटात गेलं होतं, त्यामुळे गोजरीला मोळीसाठी रोज लांब जावं लागायचं. रानच जणू एकेक पाऊल मागे सरकत चाललं होतं. पण ओली फांदी ती कधी तोडायची नाही. पडलेलं, वाळलेलं, झाडाने आपणहून दिलेलं तेवढंच वेचायची.

रानातून उतरताना खिंडीत एक जागा लागते, तिचं नाव काडीआई. मूर्ती नाही, देऊळ नाही, नुसता काटक्यांचा ढीग. मोळी घेऊन येणाऱ्याने तिथे एक काडी वाहायची, अशी तिकडची रीत. आता रीत म्हटली की पळवाट आलीच. आमच्या बाजारात देवाला नारळ वाहणारे लोक नारळ हलवून बघतात, आणि पाणी कमी वाजतं तो देवाला. इथेही तसंच. काडीआईला मिळायची ती वाकडी, किडकी, जळायच्या लायकीची नसलेली काडी.

त्या दिवशी अवेळी पाऊस पडून गेला होता. सारं रान ओलंचिंब. गोजरीला दिवसभरात मिळाल्या त्या सगळ्या भिजलेल्या काटक्या आणि खडकाच्या कपारीत सापडलेलं एकच सुकं, खणखणीत, मधाच्या रंगाचं लाकूड. ती काडीआईपाशी थांबली. 'ओल्या काडीचा काय उपयोग?' तिच्या मनात आलं. 'बिचारी काडीआई थंडीने कुडकुडत असेल.' आणि तिने ते सुकं लाकूड ढिगावर ठेवलं.

"आ... आ... आक्छी!"

ढिगातून शिंक आली. पाठोपाठ ढिगाच्या फटीफटीतून निळसर उजेड पाझरायला लागला. जांभळाच्या सालीसारखा निळा, मग मोरपिसासारखा, आणि मग थेट ज्योतीच्या बुंध्याशी असतो तसा. त्या उजेडात उभी होती एक एवढीशी परी. करंगळीएवढी! निळ्या ज्योतीचा घोळदार झगा, त्याला सोनेरी काठ. पायांत दवबिंदूंचे पैंजण. पंख चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक, हलले की त्यातून चिमुकल्या ठिणग्या उडत आणि हवेतच फुलं होऊन विझत.

"केवढा गं धूर तुझ्या केसांत!" परी नाक पुसत म्हणाली. "शिंकून शिंकून माझे पंख दुखले. भिऊ नकोस, सोनुले. या ढिगात मी किती वर्षं राहते, पण चांगली काडी मला आज पहिल्यांदा मिळाली. माग बाई, काहीतरी माग."

गोजरीला विचार करावा लागला नाही. "माझ्या आयेचा आवाज दे."

परीचा उजेड किंचित मंद झाला. "देणं माझ्या हाती नाही गं. देणाऱ्या पऱ्या वेगळ्या, त्या बागांमध्ये राहतात. मी काडीची परी. मला फक्त घालवता येतं. नको असलेली एक गोष्ट सांग, मी तिला निरोप देते."

"मग धुराला घालव!"

"अट ऐकून घे आधी. ज्याला तू घरातून घालवशील त्याची कामं तुझ्या अंगावर येतील, झाडून सगळी. शिमग्याच्या पुनवेला चंद्र उगवताना इथे यायचं आणि सांगायचं, की एकही काम पडून नाही. एक जरी राहिलं तरी धूर परत येईल, आणि एकदा परत आला की माझंही ऐकणार नाही."

गोजरीला हसू आलं. "धुराला कसली कामं? तो तर नुसता बसून असतो."

परी काही बोलली नाही. मी तिथे असतो तर बोललो असतो. आमच्या ओळखीच्या एका वाण्याच्या दुकानात म्हातारं मांजर होतं. दिवसभर पोत्यावर झोपायचं, दूध मात्र वेळेवर प्यायचं. वाणी वैतागला आणि त्याला नदीपलीकडे सोडून आला. पुढे काय झालं ते त्या पोत्यांना विचारा. उंदरांनी पोतीच ठेवली नाहीत.

"आणि मग आयेचा आवाज येईल ना?" गोजरीने विचारलं.

"आवाज गेलेला नाही, दबलाय. वरचं ओझं हललं की कधीकधी कोंब फुटतो. फुटेलच असं मी सांगत नाही," परी हळुवारपणे म्हणाली. "पण ओझं हलल्याशिवाय तर नाहीच नाही."

मग परीने तिला ओढ्याकाठची चिकणमाती आणायला लावली. "मी दाखवते, पण हात तुझेच हवेत." माती, शेण, भाताचा कोंडा असं कालवून गोजरीने घरी नवी चूल घडवली आणि परी काठावर बसून सांगत राहिली. तोंड लहान ठेव, मूठभर काटक्या जातील एवढंच. आत मध्यावर चपटा दगड, काटक्या त्याच्यावर, म्हणजे खालून वारा खेळेल. मग आतून वर चढणारा अरुंद गळा, आणि भांडं नेमकं ज्योतीच्या टोकावर. चूल सुकल्यावर परीने तिच्यावर एक फुंकर मारली, आणि गोजरीने काटक्या पेटवल्या.

ज्योत उभी राहिली ती सरळ, स्वच्छ. बुंध्याला निळी, टोकाला सोनेरी, कमळाच्या कळीसारखी. भुर्रर्र असा बारीक आवाज. धूर नाही!

म्हणजे होता तो निघाला. घराच्या चारी कोपऱ्यांतून गोळा होत होत त्याचा एक म्हातारा झाला. राखाडी दाढी, राखाडी मुंडासं, पाठीला राखाडी गाठोडं.

"निघालो बरं का, हौसाबाई," धुरोबा करवादला. "तुझ्या सासूच्या सासूपासून राबलो या घरात. कुणी 'बसा' म्हणालं नाय, कुणी 'या' म्हणालं नाय. डोळे चोळायचे आणि शिव्या घालायच्या. बसा आता ती निळी नवरी घेऊन!"

"आजोबा, थांबा ना," गोजरी म्हणाली, पण तोवर तो छपराच्या फटीतून सटकला होता.

दुसऱ्या दिवशी दारात आरडाओरडा. "हौसे! अगं ए हौसे! जित्या हायसा ना दोघी?"

ही भिवराकाकी. वाडीच्या टोकाला एकटी राहायची. जीभ तिखट मिरचीसारखी, हात मात्र गुळासारखा. तिच्या हातात पळसाच्या पानाने झाकलेलं पेजेचं भांडं होतं.

"काय झालं काकी?" हौसा बाहेर आली.

"काय झालं म्हणून मलाच इचारतेस? कालपासून छपरातून धूर नाय. मी म्हटलं, पीठ सरलं यांचं. मागायला तुमच्या जिभेला काटे टोचतात, ठाऊक हाय मला. घे ही पेज. आणि भांडं धुऊन दे. मागल्या खेपेला त्यात मांजराला दूध पाजलंस."

"काकी, चूल पेटलीय आमची."

"खोटं बोलू नये, भाकरी गोड लागत नाय." काकी वाकून आत आली, चुलीतल्या निळ्या ज्योतीकडे बघतच राहिली. "आगं बया! ही काय चूल म्हणायची? आवाज नाय, धूर नाय. आजारी हाय का काय?"

गोजरी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुराचं नव्हे, हसण्याचं.

आठवडाभरात घर ओळखू येईना. हौसाने भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या, त्यावर गेरूची वेलबुट्टी काढली. मूठभर काटक्यांत दोघींचं जेवण होई, त्यामुळे गोजरीला लांब जावंच लागेना. अंगणात वाऱ्याने पाडलेलं पुरायचं. हौसाचा खोकलाही उतरला. पण आवाज? "आये, आज म्हणशील?" गोजरी विचारायची. हौसा तोंड उघडायची. उबळ यायची नाही, पण सूरही यायचा नाही. सवय मोडलेल्या दारासारखा गळा नुसता करकरायचा.

आणि मग ती पिवळी पिवळी भुकटी पडली.

चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर हौसाने मक्याची कणसं आणि वालाच्या शेंगा पुढच्या पेरणीसाठी ठेवल्या होत्या. त्यातून भुकटी गळायला लागली. गोजरीने एक कणीस सोलून पाहिलं, तर दाण्यादाण्याला भोक आणि भोकाभोकात किडा. तिकडे छपराच्या बांबूंत भुंगे कुरकुर करू लागले, आणि अंधार पडला की डासांची पलटण कानाशी पिपाण्या वाजवू लागली.

हौसा किडक्या कणसाकडे बघत राहिली. "बी गेलं तर पेरायचं काय, गोजरे?"

गोजरीला एकदम उमगलं. ही धुराचीच कामं! तो नुसता बसून होता असं आपण म्हणालो, आणि तो बसल्या बसल्या बी राखत होता. आणखी काय काय करत होता, कुणास ठाऊक? एखादं काम आपल्या लक्षातच आलं नाही, तर पुनवेला तो परत येईल. मग आयेचा गळा कायमचा बुजेल.

तिने भाकरी फडक्यात बांधली, वर चटणीचा गोळा ठेवला आणि धूर जिकडे गेला होता त्या डोंगराची वाट ती चढू लागली.

धुरोबा शिखरावर बसला होता, पहाटेच्या धुक्यात धुकं होऊन. पाठ फिरवून.

"आजोबा," गोजरी म्हणाली, "आमच्या घरी तुम्ही इतकी वर्षं होता, आणि आम्ही तुम्हाला कधी जेवायला वाढलं नाही. भाकरी आणलीय."

धुरोबाने तिरक्या डोळ्याने पाहिलं. "चटणी कसली?"

"कारळ्याची."

"हं." तो जरा जवळ सरकला. धुराने भाकरी कशी खाल्ली ते मला विचारू नका. सांगणाऱ्याने सांगितलं, मी ऐकलं. फडकं रिकामं झालं एवढं खरं. मग त्याची दाढी जरा सैल झाली.

"मला परत न्यायला आलीस?"

गोजरीने मान खाली घातली. "नाही, आजोबा. तुम्ही आलात तर माझ्या आयेचा गळा बुजतो. पण तुमची कामं मी करते. मला शिकवाल?"

दरीतून वारा आला, धुरोबाची कड थोडी विरली. "घालवणारे पुष्कळ पाहिले," तो म्हणाला. "काम इचारून घेणारी तू पहिली. ऐक तर. बियाणं उन्हात कडक वाळव, राख चोळ, मडक्यात भर, वर कडुलिंबाचा पाला घाल, तोंड मातीने लिंप. किडा शिवणार नाय. बांबूंना करंजाचं तेल चोळ. डासांना अंगणात डबकं राहू देऊ नको, उशाशी निर्गुडी ठेव. झालं का?"

"झालं!"

"नाय झालं. सगळ्यात जड काम पुढेच हाय. पोरी, मी छपरातून वर जायचो तेव्हा काय करायचो?"

"काय करायचात?"

"सांगायचो. गावाला सांगायचो, की या घरात चूल पेटलीय, दोन घास शिजतायत. ज्या छपरावर मी दिसलो नाय, तिथे शेजारीण डोकावली म्हणून समज. तुमची भिवरा पेज घेऊन आली ती कशावरून? मी वर नव्हतो यावरून. आता तुझ्या चुली घरोघर होतील. मग कोण पोटभर आणि कोण उपाशी, कुणाला कळायचं? मी बसल्या जागेवरून सांगायचो, तुला दारोदार जावं लागेल. रोज."

"जाईन," गोजरी म्हणाली.

ती उतरू लागली तेव्हा मागून आवाज आला, "पुढल्या खेपेला भाकरी दोन आण!"

त्या दिवसापासून गोजरीचे हात थांबले नाहीत. राहिलेल्या बियाण्यातले चांगले दाणे निवडले, वाळवले, राख चोळून मडक्यात भरले. बांबूंना तेल चोळलं. अंगणातलं डबकं बुजवलं. आणि रोज दिवेलागणीला ती दारोदार जायची. "चूल पेटली का? जेवलात का?" लोक आधी हसले. "आली बघा वाडीची पाटलीण," म्हणाले. पण ती आल्यावर कुणाच्या घरातला वाटीभर जास्तीचा भात कुणाच्या घरी जाऊ लागला, मग हसणं थांबलं.

बायका नवी चूल बघून जायच्या आणि गोजरी त्यांना करून द्यायची. भिवराकाकीनेही करून घेतली. पण गिऱ्हाइकाचं एक असतं. मी मडकी विकत होतो तेव्हा पाहिलंय, दहांतल्या नऊ बाया मोठ्या तोंडाचं मडकं उचलणार. मोठं तोंड म्हणजे भारी माल! काकीने गोजरी वळताच सुरी घेतली आणि चुलीचं तोंड कोरून रुंद केलं.

"माझी लाकडं काय वातीसारखी हायत? ओंडका जाया नको?"

ओंडका गेला, आणि तिच्या घरचा धूर कुंपणापर्यंत पोचला होता तो लगबगीने माघारी आला. "बोलावलंत?" काकी खोकत खोकत बाहेर पळाली आणि गोजरीच्या दारात येऊन उभी राहिली. "चल बाई, तिचं तोंड बारीक कर. आणि हसलीस तर तुझंही करीन."

होता होता सोनकीवाडीच्या एकाही छपरावर धूर राहिला नाही. आणि शिमग्याची पुनव आली.

सगळी वाडी होळीसाठी माळावर निघाली. ढोल वाजू लागले. हौसाही नैवेद्याची पोळी घेऊन गेली. गोजरीला मात्र काडीआईला जायचं होतं. पूर्वेचं आभाळ लिंबाच्या रंगाचं झालं होतं, आता चंद्र येणार. ती तशीच निघाली असती, पण दिवेलागण झाली होती. एकदा दारं बघून घ्यावीत, म्हणून ती धावत धावत वाडीतून फिरली. सगळी घरं रिकामी. शेवटचं घर भिवराकाकीचं.

"काकी, चूल पेटली का?"

उत्तर नाही. 'माळावर गेली असेल,' असं म्हणून ती वळली. दोन पावलं गेली. मग थांबली. दार आतून लोटलेलं होतं.

आत काकी घोंगडीत मुटकुळं करून पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, दातांवर दात आपटत होते. चूल थंड. सकाळपासून पेटलेली नव्हती आणि छपराकडे बघून कुणाला कळायची सोयही उरली नव्हती.

"जा गं तू," काकी पुटपुटली. "शिमगा हाय. जा."

दारातून गोजरीला पूर्वेचा डोंगर दिसत होता. कड उजळली होती. आत्ता पळत सुटली तर पोचली असती. काडीआई, परी, आयेचा गळा, सगळं त्या खिंडीत वाट बघत होतं. ढोलांच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार नव्हती, आणि काकीला पाण्याचा घोट द्यायलाही दुसरं माणूस नव्हतं.

गोजरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने डोळे पुसले, चुलीत मूठभर काटक्या घातल्या आणि पेज चढवली. पाठीमागे चंद्र उगवत होता. तिने वळून पाहिलं नाही.

पेज निवली. गोजरी काकीचं डोकं मांडीवर घेऊन एकेक घोट पाजू लागली. "माझ्या आयेचं गाणं गेलं, काकी," ती हळूच म्हणाली, "पण तू पी."

तेव्हा चुलीतली ज्योत मोठी झाली. निळी, निळीशार, मग सोनेरी, मग पुन्हा निळी, आणि तिच्यातून परी बाहेर आली. पंखांतून ठिणग्यांची फुलं उडाली आणि त्या काळोख्या घरात जाईजुईसारखी सांडली.

"मी येऊ शकले नाही," गोजरी रडवेली होऊन म्हणाली. "एक काम राहिलं होतं."

"म्हणूनच मी आले," परी हसली. "तू खिंडीत आली असतीस आणि 'एकही काम पडून नाही' म्हणाली असतीस, तर ते खोटं झालं असतं, माझ्या चिमणे. आणि धुरोबा वाटेवर तयारच होता गाठोडं घेऊन! आता तो डोंगरावर राहील, धुकं होऊन. मला म्हणाला, पोरगी भाकरी छान करते."

"मग आये...?"

परीने ओठांवर बोट ठेवलं. तिचा झगा उजळू लागला, काठ वितळले, पंख वितळले, आणि ती सगळीच एक निळा-सोनेरी उजेड झाली. तो उजेड दारातून अंगणात गेला, अंगणातून झाडांवर चढला आणि पुनवेच्या चांदण्यात असा मिसळला, की चांदणं कुठलं आणि परी कुठली ते सांगता येईना.

त्याच उजेडातून हौसा धावत येत होती. माळावर लेक दिसली नाही म्हणून घरोघर शोधत आलेली. तिने काकीला पाहिलं, पेजेचं भांडं पाहिलं, आणि ती काकीच्या उशाशी बसली. तापलेल्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. काकी तापात कण्हत होती, लहान मुलासारखी. लहान मूल कण्हलं की आईचं तोंड आपोआप जे करतं, तेच हौसाच्या तोंडाने केलं. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

आधी नुसती गुणगुण. करकरीत, गंजलेली. मग एक शब्द आला, मग त्याचा हात धरून दुसरा.

*"नीज गं बाळे, पानाआड पाखरू निजलं..."*

पूर्वीचा आवाज नव्हता तो. त्याला तडा होता, कडेला राख लागलेली होती. काकी कण्हायची थांबली. हौसाही थांबली, आपलाच आवाज ऐकून दचकली, गळ्यावर हात ठेवून लेकीकडे बघत राहिली.

गोजरीने काही विचारलं नाही. तिने आयेच्या मांडीवर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि ती वाट बघत राहिली. माळावरचे ढोल आता दूर, मऊ वाजत होते.

हौसाने श्वास घेतला.

*"...चांदण्याच्या दुधात सारं रान भिजलं."*